एकोणतीस वर्षांची चाकरी

खेळाचा इतिहास म्हणजे जयापजयांची टिपणवही, अशी एक सामान्य समजूत आहे. कोणत्या वर्षीं कोण जिंकलें, किती गुणांनीं जिंकलें, एवढें नोंदलें म्हणजे इतिहासकाराचें काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्या खेळांत एखादें मोठें शहर आपला मानापमान गुंतवून बसतें, त्या खेळाच्या इतिहासांत आंकड्यांपलीकडच्या कांहीं गोष्टी येतात. त्यांत मालकी व सेवा यांचा संबंध येतो, कृतज्ञतेचा प्रश्न येतो. आणि ज्यांचा संस्थेवर कायद्यानें कांहीं एक हक्क नाहीं अशा सामान्य प्रेक्षकांनीं तिच्यावर केलेल्या प्रेमाचें मोल काय, हाहि प्रश्न येतो. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत डॅलस येथें ता. २५ फेब्रुवारी १९८९ रोजीं घडलेली एक गोष्ट या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. त्या दिवशीं डॅलस काउबॉईज या धंदेवाईक फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक टॉम लँड्री यांस एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर कामावरून दूर करण्यांत आलें. या प्रकरणाची पूर्वपीठिका काय, तेथील प्रेक्षकांस त्याविषयीं काय वाटलें, आणि त्यांच्या वाटण्यांत न्यायाचा अंश किती, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या खेळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ज्या फुटबॉलचे रोव्हर्स चषकाचे सामने मुंबईंत १८९१ सालीं सुरू झाले तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो पायापेक्षां हातानेंच अधिक हाताळला जातो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. मैदान शंभर यार्डांचें. ज्या बाजूकडे चेंडू आहे तिनें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. तसें न घडल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न कांहीं सेकंदांत आटोपतो व मग खेळ थांबून पुढील डावाची जुळवाजुळव होते. चढाईचे गडी निराळे, बचावाचे निराळे. अशा खेळांत प्रशिक्षक हा नुसता तालीम देणारा वस्ताद राहत नाहीं. तो सेनापति होतो. मैदानाच्या कडेला उभा राहून तो डाव ठरवितो, गडी बदलतो, प्रतिपक्षाची चाल ओळखून आपली मांडणी फिरवितो. म्हणूनच तेथें जयाचें श्रेय आणि पराजयाचा दोष हीं दोन्हीं प्रशिक्षकाच्या पदरीं अधिक प्रमाणांत पडतात, आणि म्हणूनच त्याचें नांव संघाच्या नांवाशीं एकरूप होऊन जातें.

टॉम लँड्री यांचा जन्म ११ सप्टेंबर १९२४ रोजीं टेक्सासच्या दक्षिण टोकास, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळील मिशन या लहानशा गांवीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचे वडील बंधु विमानदलांत असतां मरण पावले. त्यानंतर लँड्री स्वतः बॉम्बफेकी विमानांवर दाखल झाले आणि युरोपांत त्यांनीं तीस मोहिमा केल्या. एकदां तेल संपल्यामुळें त्यांचें विमान बेल्जममध्यें आदळलें, पण ते जिवंत राहिले. युद्धानंतर त्यांनीं टेक्सास विद्यापीठांत शिक्षण पुरें केलें. पुढें न्यूयॉर्क जायंट्स या संघांत ते आधीं बचावाचे खेळाडू व नंतर बचावाचे प्रशिक्षक झाले. त्याच संघांत चढाईची बाजू व्हिन्स लोंबार्डी यांच्याकडे होती. एकाच संघाचे हे दोन साहाय्यक पुढें दोन प्रतिस्पर्धी संघांचे अधिपति होऊन परस्परांसमोर उभे राहणार होते. लँड्री यांनीं इंजिनिअरिंगचा अभ्यास केला होता, आणि त्यांच्या खेळाच्या मांडणींतहि ती दृष्टि दिसते. चेंडूमागें जो तो धांवत सुटण्याऐवजीं प्रत्येक गड्यानें आपली नेमलेली जागा राखावी, म्हणजे प्रतिपक्षाची वाट आपोआप बंद होईल, असें त्यांच्या बचावाचें सूत्र होतें. सूत्र सोपें, परंतु तें अंगीं मुरण्यास वर्षें लागत, आणि तोंवर धीर धरणें मालकास व प्रेक्षकांस जड जाई.

डॅलसचा संघ १९६० सालीं निघाला. त्याच्या स्थापनेस सुमारें सहा लाख डॉलर लागले. मालक क्लिंट मर्चिसन हे तेलाच्या धंद्यांतील श्रीमंत घराण्यांतले. व्यवस्थापक टेक्स श्रॅम. आणि प्रशिक्षक पस्तिशींतले लँड्री. त्या वर्षीची नव्या खेळाडूंची वांटणी संघ निघण्यापूर्वींच होऊन गेली होती. त्यामुळें इतर संघांनीं सोडून दिलेले गडी घेऊनच आरंभ करावा लागला. पहिल्या वर्षाचा हिशेब असा: बारा सामने, अकरा पराजय, एक बरोबरी, विजय शून्य. ती एक बरोबरी लँड्री यांच्या जुन्याच संघाशीं, न्यूयॉर्क जायंट्सशीं झाली. शिवाय त्याच शहरांत, त्याच कॉटन बोल मैदानावर, प्रतिस्पर्धी मंडळाचा डॅलस टेक्सन्स हा दुसरा संघ खेळत होता. त्यानें १९६२ सालीं आपल्या मंडळाचें अजिंक्यपदहि मिळविलें आणि पुढच्याच वर्षीं तो कॅन्सस सिटीस निघून गेला. म्हणजे जिंकणारा संघ गेला आणि हरणारा राहिला. १९६३ सालीं या राहिलेल्या संघानें चौदांपैकीं दहा सामने गमावले, तेव्हां प्रशिक्षक बदला अशी ओरड शहरांत सुरू झाली.

येथें मर्चिसन यांनीं जें केलें तें धंदेवाईक खेळाच्या इतिहासांत विरळा आहे. १९६४ च्या फेब्रुवारींत, लँड्री यांच्या कराराचें एक वर्ष शिल्लक असतांनाच, त्यांनीं तो आणखी दहा वर्षांनीं वाढविला. चार हंगाम सतत हरलेल्या माणसास दहा वर्षांचें अभयवचन! या कृतीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती दया नव्हती. जें बांधावयाचें आहे त्यास किती काळ लागेल याचा अंदाज मालकानें केला होता, आणि त्या काळाची किंमत आगाऊ देण्याची त्याची तयारी होती. पुढें १९८९ सालीं ज्या गोष्टीवरून एवढें वादळ उठलें तिचा विचार करतांना ही १९६४ ची गोष्ट विसरून चालणार नाहीं. कारण डॅलसच्या प्रेक्षकांनीं नव्या मालकाची तुलना मनांतल्या मनांत जुन्या मालकाशींच केली.

शहराचीहि एक जखम होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डॅलसच्या रस्त्यावर अध्यक्ष केनेडी यांचा वध झाला. दोनच दिवसांनीं हा संघ क्लीव्हलँड येथें सामना खेळण्यास गेला, तेव्हां त्याच्या नांवांतील डॅलस हा शब्दच प्रेक्षकांच्या कानांस कडू लागत होता. एका माणसाच्या पापाचा डाग सबंध नगरीच्या कपाळीं बसला, आणि तो पुसण्यास तिच्यापाशीं फारसें कांहीं साधन नव्हतें. नेमक्या त्याच काळानंतर हा संघ वर येऊं लागला. १९६५ सालीं सात जय व सात पराजय असा हिशेब बरोबरीस आला, आणि १९६६ पासून १९८५ पर्यंत सलग वीस हंगाम असे गेले कीं, प्रत्येकांत पराजयांपेक्षां विजय अधिक होते. वीस वर्षें म्हणजे एक पिढी. या काळांत जन्मलेल्या व वाढलेल्या डॅलसच्या मुलास आपला संघ हंगामाच्या शेवटीं खालीं गेलेला कधीं पाहावाच लागला नाहीं. देशभर या संघाचे चाहते झाले, आणि १९७८ च्या हंगामावरील चित्रपटानें त्यास 'अमेरिकेचा संघ' असें नांवहि देऊन टाकलें. डॅलस म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें बंदुकीऐवजीं निळा तारा येऊं लागला. आणि त्या ताऱ्याखालीं कोट, गळपट्टी व फेडोरा टोपी घातलेला, ओठ मिटून उभा असलेला एक माणूस.

या उत्कर्षाचा मार्गहि सरळ नव्हता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९६६ च्या हंगामाच्या अंतिम सामन्यांत लोंबार्डींच्या ग्रीन बे पॅकर्सनीं डॅलसला ३४-२७ असें हरविलें. पुढच्याच वर्षीं, ३१ डिसेंबर १९६७ रोजीं, ग्रीन बे येथें शून्याखालीं सुमारें पंचवीस सेंटिग्रेड थंडींत झालेला सामना अगदीं अखेरच्या कांहीं सेकंदांत २१-१७ असा हातचा गेला. १९७१ च्या जानेवारींत सुपर बोल या अंतिम सामन्यांत बाल्टिमोरनें १६-१३ असें हरविलें. मोठा सामना जिंकण्याचें यांच्या नशिबीं नाहीं, असें लोक म्हणूं लागले. अखेरीस १६ जानेवारी १९७२ रोजीं मायामीचा २४-३ असा पराभव करून डॅलसनें तें पद मिळविलें, आणि १५ जानेवारी १९७८ रोजीं डेनव्हरला २७-१० असें हरवून पुन्हां मिळविलें. मध्यें व नंतर पिट्सबर्गकडून दोन वेळां हार खावी लागली. एकूण पांच अंतिम सामने, त्यांत दोन जय. सगळ्या एकोणतीस वर्षांचा हिशेब २७० जय, १७८ पराजय व ६ बरोबऱ्या असा आहे. एकाच संघावर सलग एकोणतीस हंगाम राहण्याचा मान लँड्री यांच्याखेरीज ग्रीन बेच्या कर्ली लँबो यांसच काय तो मिळाला आहे.

माणूस म्हणून लँड्री प्रेक्षकांस जवळचे वाटत होते असें मात्र म्हणतां येत नाहीं. जिंकल्यावर हंसणें नाहीं, हरल्यावर चिडणें नाहीं. त्यांच्याच संघांतील ड्वेन टॉमस या खेळाडूनें १९७१ सालीं त्यांस 'प्लास्टिकचा माणूस' असें जाहीरपणें म्हटलें. धर्मनिष्ठ, मितभाषी, शिस्तीचे कडक असे हे गृहस्थ खेळाडूंशीं सलगी करीत नसत. कारण आज ज्याच्या खांद्यावर हात ठेवावा त्यासच उद्यां संघांतून वगळण्याची पाळी प्रशिक्षकावर येते. हा कठोर नियम त्यांनीं इतरांस एकोणतीस वर्षें लावला. तोच नियम शेवटीं त्यांस लावला गेला, तेव्हां त्यांनीं तक्रारीचा शब्द काढला नाहीं, हें त्यांच्या स्वभावाशीं सुसंगतच होतें.

उतरती कळा १९८० नंतर लागली. तिचीं कारणें शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. या खेळांत नव्या खेळाडूंची वांटणी अशी होते कीं, जो संघ सर्वांत खालीं त्यानें आधीं निवडावें व जो वर त्यानें शेवटीं. वीस वर्षें वर राहिलेल्या संघास वीस वर्षें उरलेसुरलेंच मिळत गेलें. आरंभीं डॅलसची निवड करण्याची पद्धति इतरांहून पुढारलेली होती. गिल ब्रँड यांनीं लहानसहान महाविद्यालयांतून व इतर खेळांतूनहि गडी हुडकून आणले होते. टोकियो ऑलिंपिकांतील शंभर मीटर शर्यतीचा विजेता बॉब हेज हा त्यांपैकींच एक. पण पुढें सर्वच संघ तसें करूं लागले. रॉजर स्टॉबॅकसारखा कुशल सूत्रधार १९७९ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. १९८४ सालीं प्रकृतीनें व द्रव्यानें खालावलेल्या मर्चिसन यांनीं संघ विकला; नवे मालक बम ब्राइट यांनीं प्रशिक्षकाच्या डावांविषयीं उघड नापसंती दाखविण्यास कमी केलें नाहीं. १९८६ सालीं सात जय व नऊ पराजय झाले आणि वीस वर्षांची सांखळी तुटली. १९८७ सालींहि तीच गत. १९८८ सालीं तर ओळीनें दहा सामने हरले. हंगामाअखेर तीन जय व तेरा पराजय! स्टेडियममध्यें रिकाम्या खुर्च्या दिसूं लागल्या, आणि लँड्री यांनीं आतां बाजूस व्हावें असें लोक उघड बोलूं लागले. पुढें जे रडले त्यांपैकीं अनेकजण या वेळीं हेंच म्हणत होते. ही गोष्ट त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून आम्ही नोंदवीत नाहीं. परंतु ती सोडून दिली तर पुढचें कांहींच उलगडणार नाहीं.

तेलाचे भाव १९८६ सालीं कोसळले व टेक्सासांतील बँका बुडूं लागल्या. ब्राइट यांचे व्यवहार तेल व बँका यांतच होते. त्यांनीं संघ विकावयास काढला. आर्कान्सा राज्यांतील तेलव्यापारी जेरी जोन्स यांनीं तो सुमारें चौदा कोटी डॉलरांस घेतला. जोन्स यांचे महाविद्यालयांतील सहखेळाडू जिमी जॉन्सन हे मायामी विद्यापीठाचे यशस्वी प्रशिक्षक होते; त्यांस आणावयाचें हें ठरूनच गेलें होतें. हे दोघे डॅलसमधील एका खानावळींत जेवीत असल्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत झळकलें, तेव्हां लँड्री अद्याप अधिकृतपणें प्रशिक्षकच होते. मग २५ फेब्रुवारीस जोन्स व श्रॅम विमानानें ऑस्टिननजीक, जेथें लँड्री गोल्फ खेळत होते तेथें गेले व त्यांस निर्णय कळविला. त्याच रात्रीं वार्ताहरांची सभा झाली. कराराच्या कागदांपासून खेळाडूंच्या मोज्यांपर्यंत सर्व गोष्टींत आपण जातीनें लक्ष घालणार, असा नव्या मालकांच्या बोलण्याचा आशय होता. दोन दिवसांनीं लँड्री यांनीं खेळाडूंचा निरोप घेतला. ज्या माणसाच्या चेहऱ्यावरील रेषा कधीं हललेली कोणीं पाहिली नव्हती त्याचे डोळे त्या वेळीं भरून आले व शब्द अडखळले.

येथून प्रेक्षकांचें प्रकरण सुरू होतें. एप्रिल महिन्यांत डॅलसच्या नागरिकांनीं लँड्री यांच्या सन्मानार्थ मिरवणूक काढली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस हजारों लोक उभे होते. जुने खेळाडू आले होते. पुष्कळांच्या डोक्यावर लँड्री यांच्यासारख्या टोप्या होत्या. विजयी सेनापतीची मिरवणूक जगानें पुष्कळ पाहिली आहे. तेरा सामने हरून नोकरी गमावलेल्या माणसाची अशी मिरवणूक निघावी, हें नवल होय. ज्यांनीं चार महिन्यांपूर्वीं त्याच्या निवृत्तीची मागणी केली तेहि त्या गर्दींत असलेच पाहिजेत. त्यांस दांभिक म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु आमच्या मतें तें खरें नाहीं. लँड्री जावेत असें वाटणें आणि लँड्री यांस असें घालवावें असें वाटणें, या दोन भिन्न गोष्टी होत. लोकांनीं पहिली इच्छिली होती. दुसरी त्यांच्या गांवींहि नव्हती.

त्या काळापासून डॅलसच्या प्रेक्षकांत या प्रकरणाविषयीं तीन मतें नांदत आलीं आहेत असें म्हणतां येईल. पहिलें मत निव्वळ कृतघ्नतेचें: ज्यानें शून्यांतून संघ उभा केला त्यास परक्या गांवच्या धनिकानें एका दिवसांत हांकलावें, हा अन्याय होय. दुसरें मत व्यवहाराचें: खेळ पुढें गेला होता, लँड्री चौसष्ट वर्षांचे झाले होते, तीन हंगाम वाया गेले होते, ज्यानें चौदा कोटी मोजले त्यास आपला माणूस नेमण्याचा अधिकार आहे. तिसरें मत मधलें: निर्णय बरोबर, रीत चुकली.

दुसऱ्या मतास पुढील इतिहासानें बराच पाठिंबा दिला, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे. जॉन्सन यांच्या पहिल्या वर्षीं, १९८९ सालीं, संघास सोळांपैकीं एकच सामना जिंकतां आला. परंतु पुढें चारच वर्षांत, जानेवारी १९९३ मध्यें, बफेलोचा ५२-१७ असा धुव्वा उडवून त्यांनीं अजिंक्यपद मिळविलें. जानेवारी १९९४ मध्यें पुन्हां तेंच, ३०-१३ असें. जें साधण्यास लँड्री यांस बारा वर्षें लागलीं तें त्यांनीं चार वर्षांत साधलें. मात्र या इमारतीचे दगड कोठून आले हेंहि पाहावें. हरलेल्या १९८८ च्या हंगामामुळेंच डॅलसला नव्या खेळाडूंत पहिली निवड मिळाली व तींतून ट्रॉय एकमन आला. मायकेल अर्व्हिन लँड्री यांच्या शेवटच्या वर्षींच संघांत आला होता. जॉन्सन यांनीं १९८९ सालीं मिनेसोटास देऊन ज्याच्या मोबदल्यांत निवडींचा मोठा ठेवा मिळविला, तो हर्शेल वॉकरहि जुन्या कारकीर्दींतलाच. जुन्याचें भांडवल व नव्याचें धाडस, दोन्हीं मिळून हें यश झालें. त्या भांडवलाचा तसा उपयोग लँड्री यांनीं केला असता काय, याचें उत्तर आम्हांस बहुधा नकारार्थीच द्यावें लागेल. आपला सर्वांत मोठा खेळाडू विकून टाकण्याचा जुगार त्यांच्या वृत्तींत बसणारा नव्हता.

तेव्हां निर्णय चुकला असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. मग लोकांच्या मनांतील सल कशाचा? तो मालकीच्या स्वरूपांत आहे असें आम्हांस वाटतें. फुटबॉलचा संघ कागदोपत्रीं खाजगी माल आहे. १९६० सालीं सहा लाखांस मिळालेला माल १९८९ सालीं चौदा कोटींचा झाला. परंतु ही वाढलेली किंमत मालकानें एकट्यानें निर्माण केलेली नव्हती. ती रविवारमागून रविवार मैदानावर येऊन बसणाऱ्या कुटुंबांनीं, आणि ज्याच्यामुळें तीं येत त्या प्रशिक्षकानें मिळून निर्माण केली होती. विक्रीच्या कागदावर मात्र या दोघांची सही कोठेंच नव्हती. हें सर्वत्र असेंच असावें लागतें असेंहि नाहीं. त्याच स्पर्धेंतील ग्रीन बेचा संघ १९२३ पासून तेथील नागरिकांच्या भागांवर चाललेला आहे व त्या भागांवर नफा वांटला जात नाहीं. डॅलसच्या प्रेक्षकांस तशी सत्ता नव्हती. म्हणून जें विक्रीपत्रांत लिहितां आलें नाहीं तें त्यांनीं रस्त्यावर उभें राहून सांगितलें. तेवढेंच त्यांच्या हातीं होतें.

असा प्रसंग एका डॅलसवरच आला असें नाहीं. इंग्लंडांत लेस्टर सिटी या लहान संघास क्लॉडिओ रनिएरी यांनीं २०१६ च्या मे महिन्यांत प्रथमच देशाचें विजेतेपद मिळवून दिलें, आणि २३ फेब्रुवारी २०१७ रोजीं, म्हणजे नऊ महिन्यांत, त्यांस निरोप मिळाला. तेथेंहि संघ घसरला होता हें खरें, आणि तेथेंहि लोक हळहळले हें खरें. फरक एवढाच कीं, रनिएरी यांचा संबंध दीड वर्षाचा, लँड्री यांचा एका पिढीचा. पण हळहळ एकाच जातीची. यश देणाऱ्यास यश संपतांच दाराबाहेर उभें करणें हा व्यवहार असेल. मात्र आपलें प्रेमहि त्याच व्यवहाराच्या वहींत मांडलें जावें, हें प्रेक्षकास सोसत नाहीं. आज या माणसाशीं असें वागतात, तर आपल्या निष्ठेचीहि किंमत हीच असली पाहिजे, असें त्याच्या मनांत येतें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं हा खेळ पाहिला नसेल. तरी हा प्रश्न त्यांस परका वाटूं नये. शाळा, ग्रंथालयें, नाटक मंडळ्या, व्यायामशाळा यांच्या इतिहासांत एक वेळ अशी येतेच कीं, ज्यानें संस्था वाढविली त्याच्याच हातीं ती अडखळूं लागते. त्यास तसेंच ठेवावें तर संस्था बुडते. दूर करावें तर कृतघ्नतेचा दोष येतो. डॅलसच्या उदाहरणावरून आम्हांस एवढें दिसतें कीं, दूर करणें हा नेहमींच अन्याय नसतो, परंतु दूर करण्याची रीत ही संस्थेच्या चारित्र्याची कसोटी असते. लँड्री यांस एका सन्मानाच्या सभेंत, स्वतःच्या तोंडानें निवृत्ति जाहीर करण्यास आठ दिवस दिले असते तर जॉन्सन यांच्या विजयांत एकहि विजय कमी झाला नसता. घाईनें कांहीं मिळालें नाहीं. मात्र जोन्स यांच्या नांवापुढें ती कायमची चिकटली. आणि ज्या मैत्रीच्या भरंवशावर एवढें धाडस झालें ती मैत्रीहि टिकली नाहीं. दोन अजिंक्यपदांनंतर, मार्च १९९४ मध्यें, जोन्स व जॉन्सन एकमेकांपासून दूर झाले. जानेवारी १९९६ मध्यें बॅरी स्वित्झर यांच्या हाताखालीं आणखी एक अजिंक्यपद मिळालें. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत डॅलसला अंतिम सामन्याचें तोंडहि दिसलें नाहीं. एवढ्या काळांत प्रशिक्षक किती आले व गेले! त्या प्रत्येकाच्या जाण्याच्या वेळीं लोकांस पहिल्या प्रशिक्षकाची आठवण झाली असल्यास नवल नाहीं.

लँड्री यांचें वागणें अखेरपर्यंत त्यांच्या लौकिकास साजेसें राहिलें. दुसऱ्या संघाची नोकरी त्यांनीं धरली नाहीं. १९९० सालीं फुटबॉलच्या सन्मान-मंदिरांत त्यांची निवड झाली. १९९३ सालीं जोन्स यांच्याच निमंत्रणावरून ते पुन्हां त्या मैदानावर आले, आणि स्टेडियमच्या कठड्यावर, जेथें संघाच्या थोर पुरुषांचीं नांवें कोरलीं जातात तेथें, त्यांचें नांव लागलें. ता. १२ फेब्रुवारी २००० रोजीं, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें त्यांचें निधन झालें. त्या वर्षीच्या हंगामांत डॅलसच्या प्रत्येक खेळाडूच्या अंगरख्यावर एका फेडोरा टोपीचें लहानसें चिन्ह शिवलेलें होतें. त्या खेळाडूंपैकीं लँड्री यांच्या हाताखालीं खेळलेला एकहि उरला नव्हता. पुढें स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला, आणि डॅलस व फोर्ट वर्थ या दोन शहरांस जोडणाऱ्या हमरस्त्यास त्यांचें नांव देण्यांत आलें. सामन्याच्या दिवशीं आपल्या मुलाबाळांसह मैदानाकडे निघालेलीं कुटुंबें त्याच रस्त्यानें जातात.